‘जादा’ स्त्रीचा हिशेब

भंडाऱ्याच्या इतिहासांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव येतें तें १९५४ सालच्या लोकसभा पोटनिवडणुकीमुळें. ती ते हरले. तिच्या ३८ वर्षें आधीं, ९ मे १९१६ रोजीं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गापुढें २५ वर्षांच्या या विद्यार्थ्यानें भारतांतील जातींवर निबंध वाचला.

जात म्हणजे वंशभेद, हें तेव्हां कित्येक पंडितांचें आवडतें मत. भीमरावांनीं तें नाकारलें. जातीचें मूळ रक्तांत नसून जातींतच लग्न करण्याच्या निर्बंधांत आहे, असें त्यांचें म्हणणें. आतां हा निर्बंध टिकावयाचा तर जातींत स्त्री-पुरुषांची संख्या सारखी हवी. नवरा वारला कीं बायको ‘जादा’ ठरते. ती जातीबाहेर लग्न करील, नाहीं तर जातींतल्याच एखाद्या कुमारिकेचा वर अडवील. म्हणून तिला पतीबरोबर जाळावयाचें किंवा जन्मभर विधवा ठेवावयाचें. विधुरास कोण जाळणार? त्याच्यासाठीं न्हाणहि न आलेली पोर आणावयाची!

हें दार प्रथम ब्राह्मणांनीं लावलें व इतरांनीं त्यांचें अनुकरण केलें, असेंहि तेथें लिहिलें आहे. तें कोणास झोंबेल. पण आपल्यांतील किती वंशावळींत आलवण नेसून माजघरांत आयुष्य कंठलेली आत्याबाई नाहीं? तिच्या दुःखास आपण प्रारब्ध म्हणत आलों.

निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’च्या मे १९१७ च्या अंकांत छापला गेला. लहानसाच आहे, सासूसुनांनीं मिळून एका दुपारीं वाचण्याजोगा.