बोलणे आणि संवाद

'मूल अजून बोलत नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना सुरतेत एक उत्तर हमखास ऐकावयास मिळते : घरात भाषा फार झाल्या. लिंबायत-उधना भागातील आपल्या खानदेशी कुटुंबांतील मुलांच्या कानांवर घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती पडते, हे खरेच. परंतु अनेक भाषांमुळे स्वमग्नता उद्भवत नाही आणि वाढतही नाही. या समजुतीपोटी निदानाची मोलाची वर्षे मात्र निघून जातात.

मुळात बोलणे आणि सामाजिक संवाद या भिन्न गोष्टी होत. ऐकू न येणारे मूल शब्दांवाचूनही नजरेने, खाणाखुणांनी आपले म्हणणे पोहोचवते. याउलट एखादे स्वमग्न मूल जाहिरातींतील वाक्ये घडाघडा म्हणते. तहान लागली की आईकडे न पाहता तिचा हात धरून माठाकडे नेते. म्हणून शब्द मोजण्याआधी मी विचारतो : वर्षाच्या सुमारास नावाने हाक मारल्यावर मूल वळत होते का? दीड वर्षाचे असताना विमानाकडे बोट करून तुमच्याकडे पाहत होते का? (हवे म्हणून बोट दाखवणे निराळे, 'तुम्हीही पाहा' म्हणून दाखवणे निराळे.) तपासणी घरच्या भाषेतच व्हावी. 'आठे ये' ऐकत वाढलेल्या मुलाने 'कम हिअर'ला प्रतिसाद दिला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. श्रवणचाचणी मात्र प्रत्येकाची करावी. प्रमाणपत्रासाठी २००९ सालची ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी 'इसा' आहे; २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.

तज्ज्ञ थोडे, मुले पुष्कळ, ही आपली खरी अडचण. गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालक व मुलाचा खेळ चित्रित करून पालकांनाच दाखवला आणि त्यावर चर्चा केली. पालक मुलाचा कल ओळखून प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली.

अशा वेळी आईला 'आता फक्त हिंदी बोला' असा सल्ला देणे मला घातक वाटते. न सरावलेल्या भाषेत तीच अबोल होते. त्याऐवजी तिने मुलासमोर जमिनीवर बसावे, ते कशाकडे पाहते ते पाहावे, त्या वस्तूचे नाव आपल्या भाषेत घ्यावे आणि थोडे थांबावे. यासाठी निदान पक्के होण्याची वाट पाहावी लागत नाही.