कंप्रेसर घेताना फक्त पीएसआय बघू नका, सीएफएम पण बघा!

मागच्या वर्षी मी ५० लिटर टाकीचा, दीड एचपीचा एअर कंप्रेसर घेतला. मित्राच्या बाईकची पेट्रोलची टाकी घासून रंगवून द्यायची होती. एअर सँडर लावला, अर्धा मिनिट मस्त चालला आणि मग मंदावला. थांबायचं, हवा भरू द्यायची, परत घासायचं. एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं. चुकलं कुठे? चला, समजून घेऊया.

पीएसआय आणि सीएफएममध्ये फरक काय?

पीएसआय म्हणजे हवेचा दाब. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर. घरच्या पाण्यासारखंच आहे हे. गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला जोर येतो, पण पंप कमी पाणी चढवत असेल आणि नळ सतत चालू असेल, तर टाकी रिकामी होणारच. मी खरेदी करताना जोर बघितला, पंप बघितलाच नाही.

मोबाईलच्या स्टॉपवॉचने मोजा

काटा ६ बारच्या खाली येऊन मोटर सुरू होईपर्यंत हवा सोडा, मग व्हॉल्व्ह बंद करा. काटा ६ वर आला की स्टॉपवॉच सुरू, ८ वर गेला की बंद. आता हिशोब:

टाकीचे लिटर × वाढलेले बार = भरलेली हवा

माझ्याकडे ५० × २ = १०० लिटर भरायला ५० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १२० लिटर, साधारण ४.२ सीएफएम. सँडरच्या कागदावर मात्र १० सीएफएम लिहिलेलं! तूट जवळपास ६ सीएफएमची. टाकीतली १०० लिटरची शिल्लक ३५ सेकंदांत संपणारच.

मग उपाय काय?

१. दाब वाढवू नका. मी ९० चा १२० पीएसआय केला होता. त्याने हवा आणखी जास्त लागते, आणि टूल तुटून इजा होऊ शकते.

२. पाइप बघा. लांब आणि बारीक पाइपमध्ये दाब पडतो. आतून १० मिमीचा, गरजेपुरताच लांब पाइप घ्या.

३. नुसती मोठी टाकी घेऊन भागत नाही. टूल थोडं जास्त वेळ चालेल, पण टाकी भरायलाही तेवढाच जास्त वेळ लागेल.

४. दोन कंप्रेसर 'टी' लावून जोडा. दाब तेवढाच राहतो, हवा मात्र दुप्पट मिळते. शेजारच्या काकांचा तसाच कंप्रेसर जोडल्यावर माझा सँडर सलग चार मिनिटं चालला. दोन्ही मोटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, वायर तापते.

५. नवीन घेताना एफएडी विचारा. म्हणजे कंप्रेसर प्रत्यक्षात देतो ती हवा. जाहिरातीतला मोठा आकडा बऱ्याचदा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो. टूलच्या गरजेपेक्षा एफएडी थोडा जास्तच हवा.

नट खोलायला इम्पॅक्ट रेंच चार-पाच सेकंदच चालतो, त्याला छोटा कंप्रेसर पुरतो. सँडर मात्र सतत हवा खातो. म्हणून आधी टूल ठरवा, मग कंप्रेसर. तुमचा कोणी मित्र कंप्रेसर घ्यायला निघाला असेल, तर त्याला पैसे देण्याआधी हे नक्की वाचायला द्या!