भोक पाडण्याआधी

सकाळी साडेआठ. आज बुधवार, म्हणजे जुना बाजार. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो. मी जुन्या भांड्यांचे दिवे करतो, आणि त्यासाठी मला हवं असतं ते मोडीत निघालेलं: बूड चिरलेलं तपेलं, काठ फाटलेली परात, पाया निखळलेली पितळी रोवळी. विकणाऱ्याच्या लेखी असल्या मालाची किंमत फक्त वजनावर. पण मी नेमकं चिरलेलंच उचलतो हे पाहिलं की त्याला त्यात काहीतरी गोम वाटते आणि भाव चढतो.

दहा. माझी खोली कसब्यात, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. मठाराचे ठोके तोवर सुरू झालेले असतात. त्या ठोक्यांनी पत्रा नुसता देखणा होत नाही, टणकही होतो. म्हणून ठोक्याच्या भांड्याला मी डाग देऊन काही जोडत नाही. ज्योत लागली की तेवढी जागा पुन्हा मऊ पडते. मग घासणं. बाहेरून चिंच, मीठ आणि राखेचा हात. आतून फक्त ओलं फडकं, कारण जुनी कल्हई शिल्लक असेल तर ती उजेड छान परतवते. बाहेरून पिवळी, आतून रुपेरी अशी शेड नवी घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होईल.

अकरा. एक काकू पिशवीतून पितळी गंज काढतात. "सासूबाईंचा आहे. डायनिंग टेबलावर टांगायला दिवा करून द्या." मी टिचकी मारतो. चिरलेलं भांडं बद्द वाजतं. हा खणखणीत वाजला.

"काकू, याला भोक नको. कल्हई लावा आणि आमटी करा."

"अहो, पितळेत कोण करतं आता? कळकते."

"कल्हई उडाली म्हणून कळकते."

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. गंज तापवायचा, नवसागर टाकायचा, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचं; कल्हईवाल्याच्या हातचं काम आहे ते. काकू फणकाऱ्याने गेल्या. धंदा म्हणून हे परवडत नाही. पण चांगल्या भांड्याला पाडलेलं भोक आमटीपुरतं कायमचंच.

बारा. आता रोवळी. तांदूळ धुवायला पाडलेली तिची भोकं दिव्यासाठी आयतीच. मुख्य काम मध्य शोधायचं. लेथवर फिरलेल्या भांड्याच्या बुडाला गोल रेघा असतात, मध्य आपोआप सापडतो. हाताने घडवलेल्याचा पत्रा सगळीकडे सारखा जाड नसतो, त्यामुळे कंपासचा मध्य तिथे फसवतो. मी रोवळी उपडी करून बोथट पंचाच्या टोकावर आतून तोलतो. जिथे सरळ राहील तिथे खूण. आत लाकडाचा ठोकळा धरायचा, आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग पायऱ्यांच्या ड्रिलने १० पर्यंत. धारदार ड्रिल पितळेत रुततं आणि भांडं गरकन फिरवतं, म्हणून ३ मिलिमीटरच्या ड्रिलची धार दगडावर किंचित मोडून घेतो. भांडं कधीही नुसतं हातात धरायचं नाही, पकडीत आवळायचं.

दीड. डबा.

तीन. वायरिंग. इथे मी कुणाचंच ऐकत नाही. भांडं धातूचं आहे, म्हणून वायर तीन पदरी: लाल, काळी आणि हिरवी. हिरवी भांड्यालाच नटाखाली आवळायची आणि घराच्या अर्थिंगला जोडायची. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, मग दिवा. भोकातून १० मिलिमीटरची आट्यांची पोकळ नळी जाते, दोन्हीकडून नट, आणि वायर तिच्यातून. पत्र्याची कड वायरचं आवरण कापते. वजन साखळीने पेलायचं, वायरने नाही. बल्ब एलईडी, ५ वॅटचा, पिवळसर उजेडाचा. एलईडी हाताला फारसा तापत नाही, पण त्याच्या बुडातल्या सर्किटला वारा लागतो. उपड्या कळशीत गरम हवा वर कोंडते आणि बल्ब लवकर जातो. रोवळीत ही अडचण नाही.

साडेपाच. गिऱ्हाइकाच्या घरी. त्यांच्या रोवळीच्या काठाशी ठिपक्यांनी कोरलेलं आजीचं नाव आहे. दिवा उपडा टांगला की नाव उलटं. ते हळहळले. दुसरा उपाय असतो: भांडं सुलटं ठेवून काठाला तीन साखळ्या. नाव सरळ राहतं, पण बराचसा उजेड छतावर जातो आणि ताटात अंधार. जेवणाच्या टेबलावर मी उपडंच सुचवतो. नाव मान वाकडी करून वाचावं लागलं तरी हरकत नाही.

साडेसात. हिशेब, झाडलोट, पितळेचा कीस डब्यात. तो वजनावर जातो.

तुम्ही माझ्याकडे येणार असाल तर आधी एवढं करा: भांड्यात काठोकाठ पाणी भरून रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी खाली थेंबही नसेल तर माझ्याकडे येऊ नका, कल्हईवाल्याकडे जा.