रक्तातला एफडीजी चित्रातून कसा मोजायचा?

पेट स्कॅनमध्ये गाठ चमकते, म्हणजे तिथे एफडीजी हे किरणोत्सारी ग्लुकोज साठलंय, एवढं आपण मागे पाहिलं. आता पुढचा प्रश्न. गाठीनं ते किती वेगानं ओढलं? नुसत्या चमकेवरून हे कळत नाही. कालव्याला पाणी किती सुटलं हे माहीत नसेल, तर ओली जमीन बघून पिकानं किती ओढलं हे सांगता येईल का? तसंच हे. रक्तानं किती एफडीजी आणून दिलं, तो हिशेब आधी हवा.

खात्रीची जुनी पद्धत म्हणजे मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालायची आणि तासभर रक्ताचे नमुने घ्यायचे. रुग्णाला त्रास, कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्ग. मग आपण म्हणतो, रक्त तर चित्रातही दिसतंय, तिथेच मोजू या. इंजेक्शन देतानाच स्कॅन सुरू करायचा. सुरुवातीची चित्रं काही सेकंदांची, नंतरची काही मिनिटांची. महाधमनीवर वर्तुळ काढायचं, प्रत्येक चित्रातली सरासरी घ्यायची. आलेख मिळतो: आधी उंच टोक, मग उतार.

पण इथे एक खोच आहे. स्कॅनरला साधारण ४ ते ६ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील नीट वेगळा दिसत नाही. मानेतली कॅरोटिड धमनी जेमतेम तेवढीच रुंद. त्यामुळे सुरुवातीला रक्ताची चमक बाहेर पसरते आणि टोक बुटकं दिसतं. नंतर शेजारच्या ऊतींची चमक आत शिरते आणि उतार फुगतो. समजा, आलेखाखालचं क्षेत्रफळ एकूण २० टक्के कमी भरलं. वेग काढताना आपण त्यानंच भागतो. १ भागिले ०.८ म्हणजे १.२५. गाठ आहे तीच, पण वेग २५ टक्के जास्त!

म्हणून छातीतली महाधमनी बरी. ती दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असते. मधोमध १ सेंटिमीटरचं वर्तुळ काढलं की भिंतीपासून लांब राहता येतं. मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये मात्र छाती येतच नाही. १९४ सेंटिमीटर लांबीच्या यूएक्सप्लोरर स्कॅनरमध्ये दोन्ही एकदम दिसतात.

तरी सुई पूर्ण सुटत नाही. चित्रात दिसतं ते सगळं रक्त, आणि हिशेबाला लागतो प्लाझ्मा. एफडीजीमध्ये हा फरक थोडा असतो. पण काही औषधांचे रक्तातच तुकडे होतात, आणि मूळ औषध कुठलं, तुकडा कुठला, हे स्कॅनर ओळखू शकत नाही. तिथे नमुना घ्यावाच लागतो.

केमोथेरपीच्या आधीचा आणि नंतरचा वेग ताडून बघायचा असेल, तर दोन्ही वेळी धमनी तीच, वर्तुळ तेवढंच आणि चित्रांच्या वेळाही त्याच ठेवा. नाहीतर बदल मोजण्यातला असतो आणि आपण समजतो, गाठ बदलली.