सहा दिवस

संध्याकाळचे साडेसात. साताऱ्याजवळच्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात आम्ही उभे आहोत. भाऊजींच्या गाडीचा डावा हेडलाइट फुटलाय, बंपर एका बाजूनं लोंबतोय. शेजारी ती दुचाकी. हँडल वाकडं, मागं बांधलेली दुधाची किटली पार चेपलेली. झाकण कुठं गेलं कोण जाणे. काठावर सुकलेल्या दुधाला मुंग्या लागल्यात.

दूधवाले काका सिव्हिलमध्ये आहेत. मांडीचं हाड मोडलंय, पण शुद्धीवर आहेत, एवढा निरोप मघाशी आला.

हवालदार गाडीचा नंबर मोबाइलवर टाकतात. विम्याच्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबतं.

"इन्शुरन्स तीन तारखेला संपलाय, साहेब."

आज नऊ तारीख.

"पगार झाला की भरणार होतो," भाऊजी पुटपुटतात. मग एकदम आठवल्यासारखं, "पण नव्वद दिवस चालतं ना?" घाईघाईनं एजंटला फोन लावतात. स्पीकरवरचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो.

"ते नव्वद दिवस नो क्लेम बोनसचे, साहेब. तेवढ्यात भरलंत तर सवलत टिकते. पण मधल्या दिवसांतला अपघात कंपनी घेत नाही. आता भरलंत तरी आधी गाडीची तपासणी होईल, आणि पॉलिसी तिथून पुढं."

भाऊजी फोन ठेवतात. त्यांचा हात थरथरतोय.

"पहिल्या वेळेला दंड दोन हजार, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे," हवालदार शांतपणे सांगतात. "पण दंडाचं एवढं काही नाही. क्लेमची केस उभी राहिली की वय, कमाई, उपचाराचा खर्च, पायात राहिलेलं अपंगत्व, सगळं धरून भरपाई ठरते. विमा असता तर कंपनीनं भरली असती. आता तुमच्यावर."

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून जुनी पॉलिसी काढते. टॉर्चच्या उजेडात एक ओळ दिसते: थर्ड पार्टी प्रीमियम, ३४१६ रुपये. बाराशे सीसीच्या गाडीचा वर्षाचा हप्ता. माणसाच्या जीवितहानीला आणि दुखापतीला या रकमेत भरपाईची कमाल मर्यादाच नसते. गाडीचा विमा, गाडीचा विमा म्हणत आलो आपण; कायद्यानं सक्तीचा केलेला हा भाग गाडीचा नाहीच, तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा आहे. आपण भरायचा, त्याच्यासाठी. तो चुकवणं म्हणजे त्याचं देणं थकवणं.

फाटकापाशी रिक्षा थांबते. काकांची बायको उतरते, मागोमाग शाळेच्या गणवेशातला मुलगा. ती आधी किटलीकडे बघते. वाकून पदरानं मुंग्या झटकते.

"ताई, दवाखान्याचं सगळं मी बघतो," भाऊजी पुढं होत म्हणतात.

ती मान हलवते. "ते बघालच. पण पहाटे चार म्हशींची धार काढून रतीब कोण घालणार? हाड सांधायला सहा महिने लागतील म्हणाले डॉक्टर." मग गाडीकडे बोट करून विचारते, "इन्शुरन्स आहे ना हिचा?"

पॉलिसी माझ्या हातात आहे. मी तिची घडी घालते. भाऊजी मान खाली घालून सांगतात, "नाही, ताई. सहा दिवसांपूर्वी संपला."