दुष्काळनिवारण व शेतकी-सल्लागाराची रिकामी जागा

दानशूर गृहस्थ, व्यापारी मंडळी व जमीनदार बंधु ह्यांस सविनय विज्ञापना :

दुष्काळग्रस्तांस धान्य, चारा व पाणी पोहोंचविणें हें आमच्या समितीचें प्रथम कर्तव्य होय, व त्या कामीं आपण सढळ हातानें साहाय्य करीत आलां आहां. तथापि कित्येक सज्जन आम्हांस विचारतात कीं, तींच गांवें पुनःपुन्हां मदतीसाठीं कां उभीं राहतात? पावसाची लहर हें मुख्य कारण खरेंच. पण सारखाच पाऊस झालेल्या दोन गांवांपैकीं एक तगतें व दुसरें बुडतें, हेंही आपल्या पाहण्यांत असेल. पाऊस लांबला तर कोणतें बीं पेरावें, कोळपणी केव्हां करावी, चारा कसा राखावा, हें वेळेवर सांगणारा जाणता मनुष्य ज्या गांवास नाहीं, त्याची स्थिति आधीं बिघडते. त्या मनुष्याची जागा रिकामी कां राहते, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हा विचार नवा नव्हे. इ. स. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या कमिशननें १८८० सालीं प्रत्येक प्रांतांत शेतकी खातें असावें अशी शिफारस केली. म्हणजे दुष्काळनिवारण व शेतकीचें ज्ञान ह्यांची सांगड तेव्हांच घातली गेली होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं समूहविकास योजना निघाली व ग्रामसेवक नेमले गेले. परंतु एकाच ग्रामसेवकाकडे अनेक गांवें, आणि शेती, आरोग्य, शिक्षण, रस्ते हीं सर्वच कामें! शेतीसाठीं त्यास उसंत कोठून मिळावी?

हा दोष जाणून १९७४ पासून राजस्थानांत चंबळेच्या कालव्याखालील प्रदेशांत निराळी पद्धति योजिली गेली. सल्लागारानें दर पंधरवड्यास ठरल्या दिवशीं ठरल्या शेतकऱ्यांकडे जावें, स्वतःही नियमानें शिक्षण घ्यावें, आणि शेतीखेरीज दुसरें काम करूं नये, असा तिचा नियम होता. जागतिक बँकेच्या कर्जावर ती पुष्कळ प्रांतांत पसरली. मात्र तिला माणसें फार लागत. कर्जाचा ओघ आटतांच पगाराचा भार प्रांतांस पेलेना, व १९९० नंतरच्या दशकांत ती मोडली. आज महाराष्ट्रांत गांवपातळीवरील शेतकी कर्मचाऱ्यास अनुदानाचे अर्ज व नुकसानीचे पंचनामे ह्यांतून सुटका नाहीं. गारपीट झाली कीं तो कागदांत गुंततो, आणि ज्या आठवड्यांत शेतकऱ्यास सल्ला हवा, तोच आठवडा निघून जातो.

ही अडचण आमचीच केवळ नव्हे. १९८४–८५ च्या दुष्काळानें होरपळलेल्या इथिओपिया देशानें इ. स. २००० नंतर २५ शाळा काढून ६०,००० हून अधिक सल्लागार तयार केले, व प्रत्येक ग्रामविभागास तीन – पिकांसाठीं एक, जनावरांसाठीं एक व जमीन-पाण्यासाठीं एक – असा क्रम ठरविला. तथापि २०१० च्या सुमारास प्रत्यक्ष कामावर ४५,००० च्या आसपासच होते. तुटपुंजा पगार, दूरची नेमणूक, बढतीची आशा नाहीं, आणि वर कर्जवसुलीसारखीं परकीं कामें. अशा स्थितींत तरुण मनुष्य टिकावा कसा? शिकविणें सोपें, टिकविणें कठीण, हाच ह्यांतील धडा होय.

आतां ही जागा रिकामी राहिली म्हणजे काय होतें, तें पाहावें. २००३ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत असें आढळलें कीं, देशांतील सुमारें ६० टक्के शेतकरी कुटुंबांस कोठूनच सल्ला मिळत नव्हता. सरकारी सल्लागाराकडून तो मिळविणारीं कुटुंबें शेंकडा ६ देखील नव्हतीं. बीं-खतांच्या दुकानदाराकडून मिळविणारीं शेंकडा १३ होतीं. अर्थात् गल्ल्यावर बसणारा मनुष्यच अनेकांचा गुरु झाला आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. परंतु कोणतीं औषधें एकत्र करूं नयेत, वाऱ्याच्या तोंडीं फवारूं नये, हें बांधावर उभें राहून सांगणाराची किंमत त्या वर्षीं सर्वांस कळली.

म्हणून आमची विनंति तीन प्रकारची आहे. व्यापारी बंधूंनीं आपल्या दुकानांतील माणसांस शिक्षण द्यावें. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनें २००३ पासून विक्रेत्यांसाठीं एक वर्षाचा पदविकाक्रम चालविला आहे. जमीनदारांनीं सल्लागारास राहण्यास खोली व प्रयोगास थोडी जमीन द्यावी, म्हणजे तो गांवांत वस्तीस राहील. आणि दात्यांनीं आपल्या देणगीचा कांहीं अंश सल्लागारांच्या वेतनासाठीं, एका हंगामापुरता न देता, वर्षानुवर्षें द्यावा. कारण ठराविक मुदतीच्या पैशावर उभी केलेली व्यवस्था मुदत संपतांच कोसळते, हें वर दिसलेंच आहे.

भुकेल्याच्या मुखीं घांस घालणें हें पुण्य खरेंच. पण तो पुन्हां याचक होऊं नये अशी तजवीज करणें हें त्याहून मोठें पुण्य होय, असें आम्हांस वाटतें. आपण ह्याचा विचार करावा, ही नम्र प्रार्थना.

आपले नम्र,
समितीचे चिटणीस व सभासद