सरळ जा की उजवीकडे वळा?

ब्रह्मपुरीच्या चौकात वडशाची वाट विचारा. सांगणारा उगवतीकडे हात करील आणि म्हणेल, ‘नदीच्या पलीकडे.’ तेवढे पुरते. वैनगंगा साऱ्यांना ठाऊक. पण याच गावचा मुलगा उद्या नोकरीसाठी मेक्सिकोत गेला, तर तेथे ना वैनगंगा, ना ओळखीचा माणूस. सारी भिस्त शब्दांवर, आणि स्पॅनिश शब्द पहिल्याच वळणावर चकवतात.

‘देरेचो’ म्हणजे सरळ जा, आणि ‘आ ला देरेचा’ म्हणजे उजवीकडे वळा. शेवटच्या एका स्वराचा काय तो फरक! कान चुकला की रात्रीच्या वेळी माणूस भलत्याच गल्लीत. काय हा घोळ, असे आपण म्हणू. पण थोडे थांबा. संस्कृत ‘ऋजु’ म्हणजे सरळ. प्राकृतात त्याचे ‘उज्जु’ झाले आणि मराठीत एकीकडे ‘उजू’, म्हणजे सरळ, तर दुसरीकडे ‘उजवा’. लॅटिन ‘दिरेक्तुस’ म्हणजेही सरळच. देरेचो आणि देरेचा ही त्याचीच लेकरे. आपला ‘उजू’ आता कोशात जाऊन बसला, त्यांचा अजून रस्त्यावर आहे, इतकेच!

डावीकडे म्हणजे ‘आ ला इस्किएर्दा’. हा शब्द शेजारच्या बास्क भाषेतला. लॅटिनपासून आलेला ‘सिनिएस्त्रो’ अशुभ अर्थाकडे झुकला. डाव्या हाताने प्रसाद घेऊ न देणाऱ्या आजीला हे चटकन पटेल.

पूर्व ‘एस्ते’, पश्चिम ‘ओएस्ते’. त्यापेक्षा जुने शब्द गोड: ‘लेवान्ते’ म्हणजे उगवती, ‘पोनिएन्ते’ म्हणजे मावळती.

खरी परीक्षा पुढेच आहे. येथे आणि तेथे, एवढ्यावर आपले भागते. स्पॅनिशमध्ये तीन: ‘अकी’ माझ्याजवळ, ‘अई’ तुमच्याजवळ, ‘अयी’ दोघांपासूनही दूर. ब्रह्मपुरीची ताई वडशाच्या वहिनीला फोनवर विचारते, ‘तिथे पाऊस आहे का?’ स्पॅनिशमध्ये हे ‘तिथे’ बहुधा ‘अई’ होईल, कारण वडसा ऐकणारीपाशी आहे. दोघी दिल्लीच्या पावसाबद्दल बोलू लागल्या, की ‘अयी’.

आणि रस्त्यात शेवटचा स्वर नीट ऐकू आला नाही, तर त्याच्या आधीचे ऐकावे. ‘आ ला’ किंवा ‘आ मानो’ कानी पडले तर वळायचे. नुसते ‘देरेचो’ असेल तर नाकासमोर चालत राहायचे.